गिट-फ्लो सोडून ट्रंकवर जावं का? आधी ब्रांचचं वय मोजा

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. नऊ जणांची टीम, त्यांत दोघे नवे, एकच रेपो (कोडचं भांडार), त्यात सर्व्हर, वेब आणि मोबाइल ॲप. कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटवर तुम्ही गिट-फ्लो ही पद्धत वापरता, म्हणजे मेन आणि डेव्हलप या दोन कायमच्या ब्रांच (कोडच्या समांतर शाखा) आणि शिवाय फीचर, रिलीज, हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) ब्रांच. दर तीन आठवड्यांनी रिलीज असतो आणि त्याआधीचे दोन दिवस कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी केलेले, आपोआप न जुळणारे बदल, सोडवण्यात जातात. तेच ते कॉन्फ्लिक्ट दर वेळी नव्याने येतात. त्यातच प्रॉडक्शनवर (लोक वापरतात त्या चालू आवृत्तीवर) दुरुस्त केलेला एक बग पुढच्या रिलीजमध्ये परत आला. आता निम्मी टीम म्हणते सगळं सोडून ट्रंकवर, म्हणजे एकाच मुख्य ब्रांचवर, जाऊ, उरलेल्यांना वाटतं की मग मेन रोज मोडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सर्व्हर आणि वेबसाठी एकच मेन ठेवा आणि त्यावर लहान, अल्पायुषी ब्रांच रोजच्या रोज मर्ज करा, म्हणजे त्यात मिसळा. मोबाइल ॲपसाठी मेनवरूनच रिलीज ब्रांच काढा. पण हा बदल करण्याआधी टेस्ट आणि रिव्ह्यू (सहकाऱ्याने कोड तपासणं) या दोन गोष्टींवर थोडं काम करावं लागेल. ते न करता नुसती डेव्हलप ब्रांच उडवली, तर घाबरणाऱ्यांचं म्हणणं पहिल्याच आठवड्यात खरं ठरेल.

आता असं का म्हणतो ते.

वर्कफ्लोचा वाद बहुतेक वेळा ब्रांचच्या नावांवर आणि आकृत्यांवर अडकतो. मी जेवढ्या टीम जवळून पाहिल्या, त्यांत त्रासाचं मूळ जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी सापडलं: कोड किती दिवस एकमेकांपासून वेगळा राहतो. फीचर ब्रांच एका दिवसात परत येत असेल, तर तिला काहीही नाव द्या, फरक पडत नाही. ती तीन आठवडे बाहेर राहत असेल, तर कुठलाही वर्कफ्लो तुम्हाला वाचवणार नाही. आणि यात गिट जे कॉन्फ्लिक्ट दाखवतं ते त्यातल्या त्यात स्वस्त असतात. महाग असतात ते न दिसणारे.

एक उदाहरण घ्या. तुमच्याकडे एक फंक्शन आहे, ते दुसऱ्या सर्व्हिसला विनंती पाठवतं आणि किती वेळ उत्तराची वाट पाहायची हे सेकंदांत घेतं. एकाने आपल्या ब्रांचवर ते बदललं, आता ते मिलिसेकंद घेतं. फंक्शन जिथे जिथे कॉल होतं त्या सगळ्या जागाही त्याने नीट दुरुस्त केल्या. त्याच काळात दुसरीने वेगळ्या फाइलमध्ये त्याच फंक्शनला ३० हा आकडा देणारी नवी ओळ लिहिली. दोघांच्या ब्रांचवर टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. दोघांनी एकाही समान ओळीला हात लावलेला नाही, त्यामुळे गिट विनातक्रार मर्ज करतं. गिट दोन बाजू आणि त्यांचा समान पूर्वज यांची ओळींनुसार तुलना करतं, अर्थ त्याला कळत नाही. मर्जनंतर ३० सेकंद थांबायच्या ऐवजी विनंती ३० मिलिसेकंदांत तुटते, आणि तीसुद्धा फक्त समोरची सर्व्हिस जरा मंद असेल तेव्हा.

अशी टक्कर लहान ब्रांचमध्येही होते. फरक इतकाच की ती त्याच दिवशी होते, बदललेल्या ओळी मोजक्या असतात आणि ज्याने फंक्शन बदललं त्याच्या डोक्यात ते अजून ताजं असतं. तीन आठवड्यांनी, आठ जणांचं काम एकत्र आल्यावर, रिलीजच्या आदल्या रात्री तीच गोष्ट शोधणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं: तेच ते कॉन्फ्लिक्ट पुन्हा पुन्हा येतात. हे सहसा उगाच होत नाही. माझा दाट संशय आहे की रिलीजच्या वेळी डेव्हलपमधला बदल मेनमध्ये नेताना पुल रिक्वेस्टवर (बदल मर्ज करण्याच्या विनंतीवर) स्क्वॉश हा पर्याय वापरला जातोय. टर्मिनलवर 'गिट मर्ज-बेस' ही कमांड मेन आणि डेव्हलप या दोन ब्रांचची नावं देऊन चालवा. ती दोघींचा सर्वात अलीकडचा समान कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) दाखवेल. त्याची तारीख मागच्या रिलीजच्या आसपासची असायला हवी. ती कित्येक महिने जुनी निघाली, तर दुखणं सापडलं.

स्क्वॉश करताना गिट सगळे बदल एका नव्या कमिटमध्ये गोळा करतं. त्या कमिटला पालक एकच, मेनवरचा आधीचा कमिट. डेव्हलपशी त्याचं नातं इतिहासात कुठेच नोंदलं जात नाही. त्यामुळे पुढच्या वेळी गिट पुन्हा त्याच जुन्या पूर्वजापासून तुलना सुरू करतं. एकदा मेनमध्ये गेलेला बदल त्याला दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे केलेला वाटतो, आणि नंतर त्या ओळींना पुन्हा हात लागला असेल तर तिथे कॉन्फ्लिक्ट उभा राहतो. जी फीचर ब्रांच मर्ज झाल्यावर लगेच डिलीट होणार आहे तिच्यासाठी स्क्वॉश उत्तम, इतिहास स्वच्छ राहतो. दोन कायमच्या ब्रांचमध्ये मात्र स्क्वॉश कधीही करू नका. तुमच्याकडे हेच झालं असेल, तर एकदा मेन डेव्हलपमध्ये साध्या मर्ज कमिटने आणा, त्या वेळचे कॉन्फ्लिक्ट शांतपणे सोडवा, आणि पुढचा रिलीज खऱ्या मर्जने करा. वर्कफ्लो न बदलताही त्या दोन दिवसांतला बराच भाग यानेच वाचेल.

गिट-फ्लोला मी वाईट म्हणत नाही. व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी ते मॉडेल २०१० मध्ये मांडलं. तेव्हा पुष्कळ टीम सबव्हर्जन या जुन्या प्रणालीवरून नुकत्याच गिटवर येत होत्या आणि ब्रांच काढून मर्ज करण्याची धास्ती अंगात मुरलेली होती. सबव्हर्जनमध्ये कुठले बदल आधीच मर्ज झालेत याची नोंद २००८ च्या १.५ आवृत्तीपर्यंत आपोआप होतच नव्हती, लोक रिव्हिजनचे आकडे कमिट मेसेजमध्ये लिहून ठेवायचे. अशा वेळी कुठली ब्रांच कुठून काढायची आणि कुठे परत न्यायची हे स्पष्ट सांगणारी आकृती मिळाली, याची किंमत मोठी होती. पण २०२० मध्ये ड्रिसेन यांनीच त्या लेखाला टीप जोडली: तुमची टीम सतत डिलिव्हरी करत असेल तर यापेक्षा बराच साधा वर्कफ्लो घ्या, आणि सॉफ्टवेअरला ठळक आवृत्त्या असतील किंवा अनेक आवृत्त्या एकाच वेळी सांभाळायच्या असतील तर हे मॉडेल अजूनही योग्य ठरू शकतं.

त्या टिपेतच पहिला खरा प्रश्न आहे, आणि मी कुठल्याही टीमला तोच आधी विचारतो: या घडीला तुमच्या किती आवृत्त्या लोकांच्या हातात जिवंत आहेत, ज्यांची दुरुस्ती तुम्हालाच करावी लागेल?

सर्व्हर आणि वेबसाठी उत्तर एक. आज डिप्लॉय केलेली. कालची आवृत्ती कोणी वापरत नाही, तिला दुरुस्त करायचा प्रश्नच नाही. मग मेन आणि डेव्हलप अशा दोन ब्रांच सांभाळून तुम्ही नेमकं काय विकत घेताय? प्रॉडक्शनवर काय आहे हे कळण्यासाठी टॅग, म्हणजे कमिटवर लावलेलं नाव, पुरतो. डेव्हलप म्हणजे फक्त एक उशीर आहे, आणि त्या उशिरात तुमचा हॉटफिक्स हरवला.

मोबाइल ॲपचं गणित वेगळं. ॲप स्टोअरला पाठवलेली आवृत्ती तपासणीत अडकते, वापरणारे अपडेट करत नाहीत, आणि चुकीची आवृत्ती बाहेर गेली तर एका बटणाने मागे घेता येत नाही. तिथे रिलीज ब्रांच हवीच. पण ती मेनवरून कापा, तिच्यावर नवं काम करू नका, आणि ती परत मर्ज करू नका. फक्त निवडक दुरुस्त्या तिच्यावर आणा.

दुरुस्ती कुठल्या दिशेने जाते यावर मी थोडा वेळ घालवतो, कारण तुमचा परत आलेला बग याच जागी जन्मला. गिट-फ्लोमध्ये हॉटफिक्स मेनवरून निघतो आणि काम झाल्यावर मेन आणि डेव्हलप अशा दोन्हीकडे मर्ज करायचा असतो. त्या वेळी रिलीज ब्रांच उघडी असेल तर डेव्हलपऐवजी तिच्यात. म्हणजे रात्री प्रॉडक्शन बंद पडलेलं असताना, दमलेल्या माणसाने, आग विझल्यानंतर, एक जास्तीची पायरी आठवून करायची. ती राहून जाते. यात त्या माणसाचा दोष मी धरणार नाही, रचनाच तशी आहे.

उलटी दिशा घ्या. दुरुस्ती आधी मेनवर करा, मग ती चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच कमिट उचलून, रिलीज ब्रांचवर आणा. पायरी विसरली तर काय होतं बघा: रिलीज ब्रांचवर दुरुस्ती पोचत नाही, म्हणजे बग तिथे अजून दिसतोय, म्हणजे लगेच लक्षात येतं. विसर पडला तरी तो लपून राहत नाही. लिनक्स कर्नलच्या स्टेबल आवृत्त्यांचा नियम हाच आहे: दुरुस्ती किंवा तिच्या तोडीचा बदल मुख्य झाडात आधी आलेला असला पाहिजे, त्याशिवाय स्टेबलमध्ये घेत नाहीत. क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियमची टीमही मुख्य ब्रांचवरून ठरावीक अंतराने रिलीजच्या ब्रांच कापते आणि दुरुस्त्या मुख्य ब्रांचवरून तिकडे नेते. चेरी-पिक करताना 'उणे एक्स' हा पर्याय द्या, म्हणजे मूळ कमिटचा क्रमांक मेसेजमध्ये आपोआप येतो आणि नंतर कुठली दुरुस्ती कुठे पोचली हे शोधणं सोपं जातं.

दुसरा प्रश्न: मेन धड आहे की मोडलेलं, हे तुम्हाला किती वेळात आणि किती खात्रीने कळतं? तुम्ही लिहिलंय की टेस्ट अर्धवट आहेत आणि पूर्ण बिल्डला, म्हणजे कोड बांधून टेस्ट चालवायला, पाऊण तास लागतो. इथे घाबरणाऱ्या मंडळींचं मी मनापासून ऐकेन. पाऊण तासाच्या बिल्डमध्ये माणूस रोज मर्ज करत नाही. तो बदल साठवतो, आणि ब्रांच पुन्हा मोठी होते. केंट बेक यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या आपल्या विकासपद्धतीत दहा मिनिटांचा बिल्ड सुचवला होता आणि तो आकडा माझ्या अनुभवात आजही चपखल बसतो. त्यापलीकडे गेलं की लोक दुसऱ्या कामाला लागतात. सगळ्या टेस्ट दहा मिनिटांत बसवण्याची गरज नाही. लॉगिन, पैशांचे व्यवहार, डेटा साठवणं अशा ज्या गोष्टी मोडल्या तर रात्री फोन येतो, त्यांच्या टेस्ट प्रत्येक पुल रिक्वेस्टवर चालवा. मोबाइलच्या लांबलचक स्क्रीन टेस्ट मर्जनंतर चालू द्या. सर्व्हरच्या बदलावर मोबाइलचा बिल्ड चालत असेल तर तो आजच वेगळा करा. कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्ट मात्र बाजूला काढून त्यांच्यावर कोणाचं तरी नाव लावा. 'पुन्हा चालवून बघ, होईल पास' ही सवय लागली की लाल रंगाला अर्थ उरत नाही.

मर्जआधी ब्रांच मेनशी ताजी असलीच पाहिजे, अशी सक्ती रेपोच्या सेटिंगमध्ये करता येते. वरची सेकंद-मिलिसेकंदाची टक्कर टेस्टमध्ये पकडली जाण्याची संधी त्यामुळेच मिळते, कारण टेस्ट एकत्र झालेल्या कोडवर चालतात. नऊ जणांना एवढं पुरेल. टीम वाढून लोक एकमेकांची वाट पाहायला लागले की मर्ज क्यू, म्हणजे मर्ज रांगेने तपासून घेणारी सोय, लावा.

तिसरा प्रश्न रिव्ह्यूचा, आणि इथे टीम सर्वात जास्त फसतात. ब्रांच एका दिवसात मर्ज व्हायची असेल तर रिव्ह्यू काही तासांत व्हायला हवा. पुल रिक्वेस्ट दोन-तीन दिवस पडून राहत असतील तर तुमचा वर्कफ्लो कागदावर ट्रंक आणि प्रत्यक्षात जुनाच. मी टीमला एवढंच सांगतो: सकाळी आणि जेवणानंतर, स्वतःचं काम उघडण्याआधी दुसऱ्याचं बघायचं. त्यासाठी बदल लहान हवा. आठशे ओळींच्या पुल रिक्वेस्टवर 'छान वाटतंय' एवढीच टिप्पणी येते, साठ ओळींच्या पुल रिक्वेस्टवर खरा बग सापडतो. नव्या दोन सहकाऱ्यांसाठीही हेच बरं. लहान बदल वाचून ते कोडबेस शिकतात.

मग अर्धवट फीचरचं काय, हा प्रश्न येणारच. तीन आठवड्यांचं काम रोज मेनमध्ये कसं न्यायचं? पहिली गोष्ट, बऱ्याच कामाला काही विशेष लागतच नाही. ज्या कोडला अजून कोणी कॉल करत नाही तो मेनमध्ये असला तरी निरुपद्रवी असतो. सर्व्हरची बाजू आधी, स्क्रीन नंतर, आणि मेनूमधली लिंक सर्वात शेवटी, असा क्रम लावला की निम्म्या वेळा फीचर फ्लॅगची (फीचर चालू-बंद करणाऱ्या स्विचची) गरजच पडत नाही. डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव बदलायचं असेल तर नवा कॉलम घाला, काही काळ दोन्हीत लिहा, जुना डेटा नव्यात भरा, वाचणारे नव्याकडे वळवा, आणि सगळं स्थिरावलं की जुना काढा. प्रत्येक पायरी वेगळा, सुरक्षित मर्ज. एखादा मोठा भाग बदलायचा असेल, समजा पेमेंटची लायब्ररी, तर आधी मध्ये एक इंटरफेस घाला, जुनी अंमलबजावणी त्यामागे न्या, नवी तिच्या शेजारी वाढवा आणि शेवटी वळवा.

जिथे खरोखर लपवायचं आहे तिथे फीचर फ्लॅग वापरा, पण शिस्तीने. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीत काय झालं ते प्रत्येक टीमने वाचावं. नव्या कामासाठी त्यांनी एक जुना, वापरात नसलेला फ्लॅग पुन्हा वापरला. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर पोचला, आठव्यावर जुनाच राहिला, आणि त्या फ्लॅगने तिथला कित्येक वर्षं निपचित पडलेला कोड जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. तुमच्यासाठी यातून तीन गोष्टी घ्या: फ्लॅगचं नाव कधीही पुन्हा वापरायचं नाही, फ्लॅग घालतानाच तो काढण्याचं काम यादीत टाकायचं, आणि मेलेला कोड ठेवायचा नाही. फ्लॅग चालू आणि बंद, दोन्ही स्थितींत टेस्ट चालल्या पाहिजेत हे वेगळं सांगायला नको.

काही परिस्थितींत माझा सल्ला वेगळा असता. ग्राहकांच्या यंत्रांवर बसवलेल्या तीन-चार आवृत्त्या वर्षानुवर्षं सांभाळायच्या असतील, तर रिलीज ब्रांच दीर्घायुषी राहतील आणि गिट-फ्लोसारखं काहीतरी चालेल. अनोळखी लोक योगदान देणारा मुक्त प्रकल्प असेल तर फोर्क (रेपोची स्वतंत्र प्रत) आणि काटेकोर रिव्ह्यू लागतो, रोजच्या मर्जचा आग्रह तिथे गैरलागू. तुमचं तसं काही नाही.

तुमच्या जागी मी असा क्रम धरेन. पहिला आठवडा: मर्ज-बेस तपासा, मेन आणि डेव्हलप जुळवा, स्क्वॉशची सवय त्या दोघींपुरती बंद करा. पुढचा एक रिलीज वर्कफ्लो तोच ठेवून फक्त ब्रांचचं आयुष्य कमी करा. दोन दिवसांवरची प्रत्येक उघडी ब्रांच सकाळच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचा आणि विचारा, यातला कुठला तुकडा आज जाऊ शकतो? याच काळात बिल्ड वेगवान करा. मग रिलीज झाल्या झाल्या, दोन्ही ब्रांच अगदी सारख्या असताना, डेव्हलप फक्त वाचनीय करा आणि सगळ्या पुल रिक्वेस्टचं लक्ष्य मेन करा. लगेच डिलीट करू नका. एखादी स्क्रिप्ट किंवा बिल्डची सेटिंग तिच्यावर टेकलेली निघतेच. वेब आणि सर्व्हर तेव्हापासून हवं तेव्हा डिप्लॉय करा, तीन आठवडे थांबण्याचं कारण उरत नाही. एकच अट: सर्व्हरला मोबाइलच्या जुन्या आवृत्त्यांशी बोलता आलं पाहिजे. एपीआयमधलं (ॲप आणि सर्व्हरच्या संवादातलं) जुनं फील्ड काढण्याआधी ते मागणारी ॲप आवृत्ती अजून किती जण वापरतात ते बघा.

मेन मोडलं तर पहिली प्रतिक्रिया रिव्हर्टची, म्हणजे बदल मागे घेण्याची, ठेवा, जागच्या जागी दुरुस्तीची नाही. ज्याचा बदल मागे घेतला त्याला वाईट वाटू देऊ नका, उद्या तोच बदल पुन्हा येईल. एक तांत्रिक खोच मात्र लक्षात ठेवा: मर्ज कमिट रिव्हर्ट केला आणि तीच ब्रांच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली, तर गिटच्या लेखी जुने कमिट आधीच आलेले असतात आणि ते परत येत नाहीत. आधी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करावं लागतं. फीचर ब्रांच स्क्वॉश करत असाल तर नवी ब्रांच काढून पुन्हा आणणं सरळ पडतं.

आणि तुम्ही उल्लेख केलेली ती महिनाभर जुनी पेमेंटची ब्रांच. तिला एका झटक्यात मर्ज करू नका आणि टाकूनही देऊ नका. ज्याने ती लिहिली त्याने मेनवरून नवी ब्रांच काढावी आणि जुन्या ब्रांचमधून एकेक तुकडा उचलावा: आधी नावं बदलणं आणि फाइल हलवणं, मग डेटाबेसचे नवे कॉलम, मग कोणी कॉल न करणारा नवा कोड, आणि शेवटी प्रत्यक्ष वळवण्याची ओळ फ्लॅगमागे. पहिले दोन-तीन तुकडे गेले की उरलेली ब्रांच मेनवर रीबेस करा, म्हणजे तिचे कमिट मेनच्या ताज्या टोकावर पुन्हा रचा. 'गिट रेरेरे' आधीच चालू करून ठेवा, म्हणजे एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट पुन्हा तसाच आला तर गिट तो स्वतःच सोडवेल. रीबेसनंतर पुश करताना साधा फोर्स न वापरता फोर्स-विथ-लीज वापरा, नाहीतर त्या ब्रांचवर दुसऱ्या कोणी टाकलेला कमिट पुसला जाईल.